सांध्यावर धरलेलं पेन

माझे सासरे पेनं करायचे. तोंडवलीला आमच्या घराच्या पडवीत पायाने चालवायचा लेथ होता, आणि कोल्हापूरहून फोंड्याचा घाट उतरून येणाऱ्या एस.टी.च्या टपावरून एबोनाइटच्या काळ्या कांड्या यायच्या. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. ते कातताना गंधकाचा असा वास सुटतो की लग्न होऊन आल्यावर पहिला महिनाभर मला धड जेवण गेलं नाही. पुढे त्या वासाची इतकी सवय झाली की लेथ बंद असला की घरात कोणीतरी आजारी आहे असं वाटायचं.

पेनाचे भाग तीन. शाई भरायची नळी, निब बसवलेला पुढचा तुकडा, त्याला आमच्या घरात मान म्हणत, आणि टोपण. शाई थेट नळीत ओतायची. आत रबरी पिशवी नाही, काही नाही. म्हणजे नळीभर शाई अडवून धरायची ती मानेवरच्या सहा-सात आट्यांनी. ते आटे सासरे हाताने पाडत, त्यामुळे एकाची मान दुसऱ्याच्या नळीत कधी बसायची नाही. हे ते अभिमानाने सांगत. मला मात्र तो कायमचा घोर वाटे. लिहिताना बोटं मानेवर असतात. माणूस लिहिता लिहिता नकळत पेन पिळतो. मान केसभर सैल झाली तरी आत हवा शिरते, सांध्यातून शाई पाझरते आणि मग निबातून टपकन थेंब पडतो.

कोणाला वाटेल, घट्ट पिळून लावली की झालं. "घट्ट करूक गेलंस काय आटे मरतत," सासरे म्हणत. म्हणून आट्यांना मेण आणि राळ लावायची. राळेची युक्ती ते शेजारच्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडून शिकले होते. तो फळ्यांमधल्या फटी राळेने भरायचा. "मेणान फिराक व्हया, राळेन थांबाक व्हया." शाई भरायची असेल तेव्हा मान सुटली पाहिजे आणि आपण होऊन कधी सुटता कामा नये. हे मिश्रण कढवून आट्यांना लावायचं काम माझ्याकडे होतं. माझा हात हलका म्हणून नव्हे. मेण माझ्या माहेरून, फोंडाघाटाहून यायचं म्हणून. उन्हाळ्यात रानातली पोळी उतरवली की भाऊ मेणाची एक ढेप आणून द्यायचा. ती वर्षभर पुरवायची.

जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा कणकवलीला कचेरीत, शनिवारी यायचा. एरवी घरात आम्ही तिघंच: सासरे, मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान नणंद. ती आदल्या वर्षी दहावीत नापास झाली होती. ऐन परीक्षेत कावीळ झाली होती तिला, पण नापास ते नापास. तिला नर्स व्हायचं होतं, आणि दहावी पास झाल्याशिवाय त्या कोर्सला कोणी दारात उभं करत नव्हतं. सासऱ्यांनी तिला आणखी एकदा बसायला परवानगी दिली आणि त्याच दमात देवबागच्या एका होडीवाल्या घरी शब्द देऊन ठेवला. यंदा पास झाली तर शिकेल, नाही तर ज्येष्ठात लग्न. मुलगा वाईट नव्हता. पण देवबागचं नाव निघालं की ही पानावरून उठायची आणि मागच्या दारी जाऊन उगाचच भांडी घासत बसायची. मला तिची फार दया यायची. आईच्या जागी मी होते ना, मग माझाच जीव तुटायचा.

तिची एक खोड होती. उत्तर आठवेना की पेन बोटांत धरून गोल गोल पिळायची. मी कितीदा ओरडले असेन. "अगो, मान सुटात!" ती हसायची आणि पुन्हा पिळायची.

दरवर्षी गावातली जी मुलं दहावीला बसत त्यांना सासरे एकेक पेन करून देत. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळी पेनं देवीपुढे ठेवायची, गुरव त्यांना तीर्थ लावायचा, आणि मग मुलांनी उचलायची. देवीपुढून उचललेलं पेन परीक्षा संपेपर्यंत बदलायचं नाही, हा गावचा शिरस्ता. मधेच दुसरं पेन धरलं की लिहिलेलं वाया जातं असं सगळेच मानत. बॉलपेन तर गुरुजीच वर्गात येऊ देत नसत. त्या वर्षी मुलं नऊ होती, माझी नणंद धरून. सासऱ्यांनी मार्गशीर्षापासूनच कातायला घेतलं आणि पौषात नऊ पेनं माझ्या हातात दिली.

आता माझं पाप सांगते. संक्रांतीच्या आधीचे दिवस. मी उरलेलं सगळं मेण छोट्या टोपात घालून चुलीवर ठेवलं. मीठ बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद समोर होता. त्यात एका बाईने घरातून पळून जाऊन काय केलं याची हकिकत होती, आणि ती बरोबर अर्ध्यावर फाटलेली. फाटलेल्या कडेवरची अक्षरं जुळवत बसले. वास आला तेव्हा टोपातून जाळ निघत होता. गोणपाट टाकून विझवला. खाली राहिला तो काळा कोळसा. मेणाच्या डब्याच्या कडेला चिकटलेलं मेण सुरीने खरवडलं, तर सुपारीएवढं निघालं.

सासऱ्यांना सांगायला हवं होतं. ते ओरडणारे नव्हते. चूक झाली की लेथ थांबवायचे आणि माणसाकडे बघत राहायचे, बस. ते बघणं मला नको होतं. त्यात मेण माझ्या माहेरचं, जाळलं मी, आणि कशापायी तर एका पळून गेलेल्या बाईपायी. मी टोप वाळूने घासून लख्ख केला.

त्या सकाळी खोबरेलाच्या बाटलीत तेल थिजलेलं होतं. आमच्याकडे पौषात थिजतं, पांढरं घट्ट, वेणी घालायची तर काडीने उकरून काढावं लागतं. मी बघितलं आणि मला वाटलं, हे काय मेणापेक्षा कमी आहे? सुपारीएवढं मेण, चिमूटभर राळ आणि बाकी सगळं खोबरेल. कढवून थंड केलं तर इतकं छान बसलं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. नऊही पेनांच्या आट्यांना लावलं. शाई भरून आठ दिवस उलटी टांगून ठेवली, खाली पांढरा कागद. एक ठिपका पडला नाही. सासऱ्यांनी दोन पेनांनी चार-चार ओळी लिहून बघितल्या आणि म्हणाले, "बरा झाला." मी टांगलं होतं ते माजघरात, पाण्याच्या घड्यांशेजारी, कारण खुंट्या तिथे होत्या. आणि सासरे लिहीत ते पहाटेच्या गारव्यात. पेनं पुसून पत्र्याच्या पेटीत गेली. मीही ते विसरून गेले. खरं तर विसरले नाही, त्याचा विचार करणं सोडून दिलं.

मार्चमध्ये परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मुलांनी देवळातून पेनं उचलली, शाई भरली. दुसऱ्या दिवशी पहिला पेपर मराठीचा, अकरा वाजता, मालवणच्या शाळेत. मुलं सकाळी सातच्या तरीच्या होडीने खाडीपलीकडे गेली. नणंदेने जाताना माझ्या पाया पडून विचारलं, "वयनी, होतला मा?" मी म्हटलं, "नायतर काय!"

आठ वाजता मी कुयरी चिरायला घेतली. कोवळा फणस चिरायचा तर आधी हाताला आणि विळीच्या पात्याला खोबरेल लावावं लागतं, नाही तर चीक बोटांना असा धरतो की दोन दिवस सुटत नाही. मी बाटली घेतली आणि सवयीने जोरात उलटी केली. तेल भळकन तळहातावर आलं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि लुगड्यावर सांडलं. पाण्यासारखं पातळ.

मी तशीच बसून राहिले. खोबरेल उन्हाळ्यात वितळतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ते आट्यांवरचं खोबरेल आणि हे खोबरेल एकच, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी पहिल्यांदा शिरलं. वर्गांत पत्र्याखाली दीडशे पोरं, घामेजलेली बोटं, तीन तास. आणि माझी नणंद पेन पिळणारी. आट्यांना मेण लावलेलं नव्हतं, वंगण लावलेलं होतं! पहिल्याच पानावर शाईचा सडा पडणार, आणि त्या सड्यातून ती सरळ देवबागला जाणार, हे मला लख्ख दिसलं.

मेण घरात नव्हतं. विळीवर अर्धी चिरलेली कुयरी होती आणि तिच्या कापलेल्या तोंडाशी चीक पांढरा जमून आला होता. चीक फुटका माठ जोडतो, पाखरू धरून ठेवतो, मग पेनाची मान नाही धरणार? सांधा कायमचा बंद होईल, पुन्हा शाई भरता येणार नाही. पण आमच्या नळीत शाई मावते भरपूर. परीक्षा निभावली असती. फक्त आट्यांवर तेलाचा थेंबही राहता कामा नये, कारण तेल असेल तिथे चीक धरत नाही. त्यासाठीच तर मी हाताला तेल लावत होते. मी करवंटीत मिळेल तेवढा चीक निथळून घेतला, वरून पान बांधलं, चुलीतली चाळलेली राख पुडीत घेतली, एक जुनं धोतराचं फडकं, आणि पडवीत आले.

सासरे लेथवर होते. "बाबानू, मी मालवणाक जावन येतंय. बाय डबो विसारली."

"डब्याक काय झाला? थंय भजी गावतत की."

"पित्त होता तिका भज्यान."

त्यांनी माझ्या हातातल्या करवंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डबा कुठेच नव्हता. लेथ थांबला नाही एवढंच. मी वळून बघितलं नाही.

खाडीवर येऊन बघते तो ओहोटी. होडी रेतीला लागलेली, आणि तारी काठावर विडी ओढत बसलेला. म्हणाला, "पाणी येय सर थांबाक व्हया."

"किती?"

"तासभर."

"ढकलूया. मी ढकलतंय."

तो हसला. लुगड्याचा काष्टा मारून मी पाण्यात उतरले आणि होडीला खांदा लावला तेव्हा त्याचं हसू गेलं. विडी टाकून तोही उतरला. होडी इंच इंच सरकत होती, आणि करवंटी मी डोक्यावर पदराखाली बांधून ठेवली होती, ती कलंडेल की काय या धाकाने मान वाकवता येत नव्हती. एकदाची होडी तरंगली. सर्जेकोटला उतरून मालवणच्या रस्त्याला लागले, आणि जवळजवळ पळत सुटले. मागून येणाऱ्या एका बैलगाडीवाल्याने विचारलं, घरात कोण वारलं का. मी नुसता हात हलवला.

शाळेशी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. साडेदहाला पहिली घंटा, मग मुलं आत. आमची पोरं वडाखाली बसली होती. मला बघून नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला.

"वयनी, तू हय? बाबा बरे आसत मा?"

"बरे आसत. तुझा पेन दी. आधी दी, मगे इचार."

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. मेण जळलं ते, खोबरेल, सगळं. ती ऐकत होती. तिने पेन काढून टोपण फिरवलं, मान दोन बोटांत धरली, आणि ती नुसती धरल्यावरच सरकली. सांध्यावर शाईची बारीक निळी रेघ आलेली. तिने ती ओढणीने पुसली आणि मान पुन्हा बसवली.

"सगळीच अशी केलंस?"

"सगळीच."

"मगे आधी तेंची कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "येडी काय गो? तुझा आधी! तुझ्यासाठी धावत इलंय मी!"

"वयनी, माका आता म्हायत झाला. मी फिरवचंय नाय. तेंका म्हायत नाय." आणि तिने पेन वेणीत खोवलं आणि पोरांना हाका मारायला पळाली.

माझा संताप झाला. तिचा, माझा, त्या आठ पोरांचा. पण भांडायला वेळ कुठे होता? एकेक पोर येत होतं. पेन उभं धरायचं, निब वर, नळी खाली, म्हणजे शाई सांडत नाही. मान सोडवायची, आटे राखेने चोळायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा राख, मग काडीने चीक फिरवायचा आणि मान बसवायची, घट्ट नाही, टेकेपर्यंत. तिसऱ्या पेनाची राख निबात गेली, ती फुंकून काढली. पाचव्या पेनाचा मालक लघवीला गेला होता. नणंद त्याला शोधून ओढत घेऊन आली. एका मुलीने रडायलाच सुरुवात केली, देवीपुढचं पेन उघडलं म्हणून. नणंदेने तिला दोन शब्दांत गप्प केलं. करवंटीतल्या चिकावर साय धरत होती, ती मी नखाने बाजूला सारत होते. सातवं झालं. आठवं घेतलं तेव्हा घंटा झाली.

आठवं पूर्ण करून मान वर केली तर फाटकाशी शिपाई ओरडत होता, पोरं आत जात होती, आणि माझी नणंद सगळ्यांच्या मागे.

"अगो, इकडे ये! एक मिनिट!"

तिने वळून बघितलं, वेणीतलं पेन काढून मला दाखवलं, आणि आत गेली. फाटक लागलं. शिपायाने मला वर्गांच्या बाजूला फिरकूही दिलं नाही. करवंटीत एका पेनापुरता चीक शिल्लक होता.

पुढचे साडेतीन तास मी त्या वडाखाली कसे काढले ते मला विचारू नका. देवीला नवस बोलले, मग देवीवरच रागावले. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने एका वर्गातून शिपाई घाईने बाहेर आला, नळावर फडकं भिजवून परत गेला. मी फाटकाला लोंबकळून विचारलं, "काय झालं हो?" तो जाता जाता म्हणाला, "शाई सांडली एकीची." कोणाची, कुठल्या गावची, काही नाही. मी खाली बसले. त्यानंतर मी कोणालाच काही विचारलं नाही.

दोन वाजता पोरं बाहेर पडली. ती सगळ्यांत शेवटी आली. ओढणीवर निळा डाग होता, रुपयाएवढा.

"एकच थेंब पडलो," ती म्हणाली. "सुरवातीक. निबंधाच्या पानार. टिपून घेतलंय. मगे नाय पडलो."

"फिरवलंस नाय?"

"नाय." तिने उजवा हात पाठीमागे घेतला. "भूक लागली वयनी. डबो खंय?"

होडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण पुढची वेळ माझ्यावर यायची होती. पहिल्या पेपरानंतर सगळी मुलं आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, यायची, आणि सासरे स्वतः प्रत्येक पेन उघडून शाई भरून द्यायचे. तोही शिरस्ताच.

ते दौत घेऊन तयारच बसले होते. पहिल्या मुलाचं पेन घेतलं, मान पिळली. हलली नाही. पंचा गुंडाळून पिळली. नाही. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. तीन पेनं त्यांनी शेजारी शेजारी चटईवर ठेवली. ज्या माणसाने आयुष्यभर सुटणारे आटे पाडले त्याच्यापुढे तीन बंद पेनं पडली होती, आणि मी दारात उभी होते.

"ह्या कोणी केल्यान?"

मुलांना कशाची भीती? एकजण म्हणाला, "वयनीन. फणसाचो चीक लावल्यान. नायतर गळतला असता."

"सगळ्यांका?"

"ताईचा रवला. तिनाच सांगल्यान, आधी आमची करूक. मगे घंटा झाली."

सासऱ्यांनी लेकीकडे हात पुढे केला. तिने डाव्या हाताने पेन दिलं. त्यांनी दोन बोटांनी मान फिरवली, ती लगेच सुटली. त्यांनी आटे नाकाशी नेले. खोबरेलाचा वास काय लपून राहतो? त्यांनी माझ्याकडे बघितलं. लेथ आधीच बंद होता.

मी सगळं सांगून टाकलं. जाळ, टोप, वर्तमानपत्रातली बाई, डब्याचं खोटं. एका दमात. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पेन उघडणा नाय तर ता पेन न्हय, खुटी." मग पेनं बाजूला सारत, "सुताराकडे मेणाचो गोळो आसता. बारा म्हयने आसता. एक हाक मारूची होती माका."

सुतार! मधे फक्त कुंपण. राळ त्याच्याकडून येते हे मला ठाऊक, आणि मेणही असेल हे एकदाही मनात आलं नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं, आणि मुलांसमोर रडतेय याची लाजही वाटेना.

मग ते लेकीला म्हणाले, "चेडवा, उजवो हात दाखय."

तिने दाखवला. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट लाल झालेलं. आमच्या पेनाच्या नळीवर, सांध्याच्या जरा वर, टोपणाचे आटे असतात. हाताने पाडलेले, कडेला धार असलेले. त्या आट्यांच्या चार-चार रेघा तिच्या बोटांत उमटल्या होत्या. मधल्या बोटावरचं कातडं सोललं होतं आणि त्यात शाई गेली होती.

"ह्या कसा झाला?"

"मानेर धरूक नाय. सांध्यार धरलंय, दोनय भाग एकदम. म्हणजे फिरणा नाय."

"तीन तास?"

"मधी एकदा सोडलंय. पाणी पिवक."

सासऱ्यांनी तिच्या बोटावरच्या रेघांवरून अंगठा फिरवला, सावकाश, आटे नीट पडलेत की नाही हे बघताना फिरवत तसा. बराच वेळ. मग त्यांनी तिचा हात सोडला, आत गेले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि छत्री घेऊन बाहेर आले.

"खंय चल्लास, बाबानू?" मी विचारलं.

"देवबागाक. शब्द दिललो, तो परत घेवन येतंय. आज थंयच रवतलंय."

नणंद जिथल्या तिथे उभी. मी म्हटलं, "निकाल लागाक अजून तीन म्हयने आसत."

"माझ्यापुरतो लागलो," ते वहाणा घालत म्हणाले. खळं उतरून कुंपणापर्यंत गेले आणि तिथून वळून मला म्हणाले, "सुताराकडसून मेण घेवन ये. फाल्याच्या पेपराच्या आधी तिचा पेन नीट कर. आणि खोबरेल डोक्याक लाय."

मी राळेची वाटी घेतली आणि कुंपण ओलांडून सुताराला हाक मारली.